कासोवाचे दोन ढग

लायसन म्सुक्वा या माणसाला मी एकोणीस वर्षं ओळखते आणि एकदाही पाहिलेलं नाही. तो कासोवाच्या धावपट्टीवर हवामान निरीक्षक. सरोवराकाठी एक खोली, एक वातकुक्कुट, थोडी उपकरणं. मी राजधानीच्या विमानतळावर अंदाज करणारी बाई. दर तासाला त्याचं निरीक्षण माझ्या पडद्यावर यायचं, एका ओळीचं, आकड्यांत बांधलेलं. वारा कुठून आणि किती, नजर किती लांब पोचते, ढग किती आणि केवढ्या उंचीवर, तापमान, दाब. बस.

आमच्या खात्यात निरीक्षणाच्या शेवटी शेरा लिहायची मुभा आहे. शेरा कामापुरता असावा, असा नियम. लायसनला नियमाचं वावडं. ‘सरोवर शांत.’ ‘होड्या अर्ध्या वाटेवरून परतल्या.’ ‘नकुंगू वर आलं, तीन खांब.’ नकुंगू म्हणजे सरोवरातल्या चिलटांचे थवे. धुराच्या लोटासारखे पाण्यावरून उठतात आणि काठावर येतात. त्यांच्यासाठी आकड्यांचा कोड नाही. मी ते शेरे वाचायची आणि पुढे पाठवताना खोडायची. तेच माझं काम होतं.

पण वाचायची मात्र दोनदा. मीही सरोवराकाठचीच. आई टोपलीत नकुंगू धरून त्याच्या वड्या थापायची. लग्न करून मी डोंगरावर, राजधानीत आले, नवरा गेला, मुलगा परदेशात, जोनी शहरात कामाला गेला तो तिथलाच झाला, वाढदिवसाला फोन करतो. घरी एकटीसाठी मक्याच्या पिठाची न्सिमा शिजवायची तर पातेल्याच्या तळालाच चिकटून राहते. म्हणून मी सुट्ट्या घेत नाही. ऑफिसात निदान लायसन यायचा तासातासाला.

यंदा ईस्टरनंतर त्याचे शेरे बंद झाले. ढगही बदलेनात. नजर दहा किलोमीटर, ढग आभाळाच्या आठ भागांपैकी दोन, दोन हजार फुटांवर. सकाळी तेच, दुपारी तेच. मला आधी रागच आला. म्हातारा खुर्चीत बसून कालचं आज उतरवतोय, दुसरं काय! मग मी त्याचा दाब बघितला. आमच्याकडे हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. सकाळी दहाला सगळ्यात वर, चारला सगळ्यात खाली. फसवणारा माणूस हे हमखास विसरतो. लायसनचा दाब अगदी वेळेवर चढत-उतरत होता. तापमानही चोख.

म्हणजे जवळ जाऊन वाचायचं ते सगळं बरोबर, आणि मान वर करून बघायचं ते सगळं चूक. मला दोन दिवसांत कळलं. त्याचे डोळे गेले होते.

कळवायला हवं होतं. मी कळवलं नाही. उपग्रहाचं चित्र उघडायची, बाजूच्या स्टेशनचे ढग बघायची, आणि कासोवाचे दोन ढग गुपचूप पाच करून पुढे पाठवायची. सात महिने. स्वतःला सांगायची, बिचाऱ्याचं पेन्शन जवळ आलंय. खोटं होतं ते. कळवलं असतं तर तिथे त्याच्या जागी यंत्र बसलं असतं, आणि मला यंत्र नको होतं.

ऑक्टोबरातल्या एका बुधवारी, दहा वाजून गेल्यावर, आमचे शिफ्टप्रमुख विटमोर कालिंदे माझ्या टेबलापाशी आले. पोटाने मोठे, मनाने बरे.

“माई, कासोवाला गेलेलं विमान परत येतंय. दोन नर्सबाया आणि लशींचे खोके. उतरताना धावपट्टीवर नकुंगूचा हा एवढा ढग! समोरची काच काळीठिक्कर. पायलट म्हणतो, खिडकीतून डोकं काढून बघायचंच बाकी होतं.”

“सगळे ठीक आहेत ना?”

“ठीक आहेत. शिव्या देतायत म्हणजे ठीकच.” त्यांनी कागद पुढे केला. “मला वरती लिहून द्यावं लागेल. कासोवानं दहा किलोमीटर नजर दिली होती. चिलटं नंतर आली, निरीक्षण बरोबर होतं, असं लिहू ना? तुम्ही म्हणाल तसं.”

इतकं सोपं होतं. नुसतं हो म्हणायचं. उपग्रहाला चिलटं दिसत नाहीत, त्यामुळे मला कोणी बोल लावलाच नसता. आणि अकरा वाजता लायसन पुन्हा आला असता.

“पंधरा मिनिटं द्या,” मी म्हटलं.

कासोवाचा फोन नंबर माझ्या टेबलाच्या काचेखाली एकोणीस वर्षं होता. तो फिरवायचं कधी कारण पडलं नाही. खरं सांगायचं तर मी पडू दिलं नाही. माणूस आवडेनासा झाला तर काय, ही भीती.

“कासोवा.” आवाज मला वाटला होता त्यापेक्षा बारीक.

“मी एलिटा न्यांगुलू. राजधानीतून.”

“अरे वा! माई स्वतः! आज सूर्य कुठून उगवला आमच्याकडे?”

“तुम्हीच सांगा, अचिम्वेने, भाऊ. खिडकीबाहेर काय दिसतंय?”

मागे कोणाची तरी कोंबडी ओरडत होती.

“उजेड,” तो म्हणाला. “उजेड आहे, एवढं दिसतं.”

“कधीपासून?”

“ईस्टरपासून. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येत नाही. बॅरोमीटरला भिंग लावतो, माई. आभाळाला कुठून लावू?”

“मग कळवलं का नाहीत?”

“तुम्ही का नाही कळवलंत?”

मी फोन या कानावरून त्या कानाला घेतला.

“संध्याकाळी रेडिओवर हवामान ऐकतो ना मी,” तो म्हणाला. “मी दोन ढग पाठवायचो, तिकडून पाच सांगायचे. पहिल्यांदा रेडिओच बंद केला. म्हटलं, पकडला गेलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग कळलं, तिकडे कोणीतरी बसलंय. बायको गेल्यापासून माझ्यामागे कोणी काही नीट करून ठेवलं नव्हतं. रोज संध्याकाळी ऐकायला बसायचो, आज माई माझे किती ढग करतायत ते.”

“मला वाटत होतं, मी तुम्हाला सांभाळतेय.”

“आणि मला वाटत होतं, मी नसलो तर तुमचं अडेल.” तो हसला, पण ते हसणं धड पूर्ण झालं नाही. “विमान उतरलं का? घरघर ऐकली, मग ती लांब गेली.”

“परत फिरलं. नकुंगू होतं धावपट्टीवर.”

“ठाऊक आहे!” तो जवळजवळ ओरडलाच. “दहाच्या आधीच वास आला होता मला. ओल्या मासळीचा. बायका टोपल्या घेऊन धावत होत्या, खिदळत होत्या, सगळं ऐकलं. पण वासाला कोड नाही, माई. शेरा लिहावा तर तुम्ही विचाराल, किती खांब, कुठे. काय सांगणार होतो? म्हणून लिहिलं दहा किलोमीटर.”

मला रडू येत होतं आणि ते त्याला कळू नये असंही वाटत होतं.

“अकराचं मी खरं पाठवतो,” तो शेवटी म्हणाला. “तुम्ही हात लावू नका. मग मी घरी जातो.”

अकराला तीन मिनिटं असताना ओळ आली. कालिंदे माझ्या मागे उभे होते. वारा एकशेचाळीस अंशांवरून, अठरा नॉट. नजरेच्या जागी चार तिरप्या रेघा. ढगांच्या जागी सहा रेघा. तापमान एकोणतीस. दाब दहा वाजताच्यापेक्षा एकाने उतरलेला, जसा उतरायला हवा तसा.

“रेघा?” कालिंदे म्हणाले. “म्हणजे बघितलंच नाही त्यानं?”

“बघता येत नाही त्याला. सात महिने झाले. ढग मी भरत होते. तसं लिहा तुमच्या कागदावर, माझ्या नावासकट.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागद घेऊन गेले.

ओळीच्या शेवटी शेरा होता, सात महिन्यांतला पहिला. ‘नकुंगूचा वास. सरोवर खवळलेलं ऐकू येतं.’ नियमाप्रमाणे तो खोडायचा असतो. मी रेघांना हात लावला नाही आणि शेऱ्यालाही लावला नाही. सगळी ओळ होती तशी पुढे पाठवली.

मग आठवलं, त्याच्या घरचा नंबर मी विचारलाच नव्हता. स्टेशनचा फोन लावला. वाजत राहिला.

बारा वाजता कासोवाहून काही आलं नाही. न आलेल्या निरीक्षणाच्या जागी ‘निल’ असं टाइप करायचं असतं. एवढासा शब्द. मला पंधरा मिनिटं लागली.