डावा हात

लासुर्णे मागे पडलं आणि सोपानचा डावा हात गिअरवरून उठून अय्युबसमोर आला. दोन बोटं फाकलेली, नजर रस्त्यावरच.

कित्येक वर्षं हा हात असाच येत होता. टेम्पो सोपाननं चालवायचा आणि बिडी शिलगावून त्याच्या बोटांत द्यायची ती शेजारी बसलेल्या अय्युबनं. त्यासाठी कुणाला बोलावं लागत नसे.

आजही कुणी बोललं नाही. अय्युबच्या हातांनी आपलं काम आपणच उरकलं. समोरचं बंडल उचललं, एक बिडी ओठांत धरली, काडी ओढली. ज्योत बिडीच्या टोकाशी आली तेव्हा कुठे त्याला कळलं, आपण काय करतो आहोत ते.

आता फक्त श्वास आत घ्यायचा बाकी होता. नुसती ज्योत दाखवून बिडी पेटत नाही.

त्यानं श्वास कोंडून धरला. दिवाळीत बारामतीच्या दवाखान्यात त्याच्या उजव्या पायाची करंगळी काढली होती. तंबाखूमुळे पायाच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडत चालल्या होत्या. "बिडी सुटली तर पाय राहील," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "एक झुरकासुद्धा नाही. आणि दुसऱ्याच्या धुरातही बसायचं नाही." तेव्हापासून आज पहिल्यांदाच तो कामावर आला होता. सकाळी त्याच्या बायकोनं, सबिनानं, दारात येऊन सोपानला सांगितलं होतं, "भाऊ, गाडीत बिडी नको." सोपान हसून म्हणाला होता, "बरं, वैनी."

ओठांना तंबाखूची चव लागली होती. तोंडाला पाणी सुटलं. काडी जळत बोटांपर्यंत आली, चटका बसला. त्यानं काडी बाहेर टाकली आणि न पेटलेली बिडी त्या दोन बोटांत ठेवली.

सोपाननं ती तोंडात धरून ओढली. "अय्या, विझली की रं."

"पेटवलीच न्हाय."

"का?"

"पेटवायला वडावी लागती, सोपानदा."

दोघं जेवून निघाले होते. काचेतून ऊन थेट तोंडावर येत होतं आणि सोपानचे डोळे तांबारले होते. मागे जाळीच्या खोक्यांत कोंबडीची एका दिवसाची पिल्लं होती. गाडी उभी राहिली की वारा थांबतो आणि पिल्लं गुदमरतात, म्हणून इंदापूरजवळच्या शेडपर्यंत थांबायची सोय नव्हती.

"एका झुरक्यानं पाय झडतुय व्हय? वैनीनं चांगलंच दावणीला बांधलंय तुला."

"बांधलंय खरं."

"माझं डोळं मिटाय लागल्यात. गाडी खड्ड्यात गेली तर दोनी पाय जातील तुझं."

"मी बोलत बसतो, तुमी जागं ऱ्हावा."

"तुझ्या बोलन्यानंच झोप येती मला."

एवढं बोलून सोपाननं काडेपेटी उचलली, स्टिअरिंग दोन्ही गुडघ्यांत दाबलं आणि काडी ओढून तोंडातल्या बिडीला लावली. पुढे उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. तो अचानक मंदावला. सोपानची नजर ज्योतीवर होती.

"ब्रेक दाबा." अय्युबनं स्टिअरिंग धरून आपल्या बाजूला खेचलं.

चाकं डांबरावरून मातीत उतरली. ट्रॉलीतल्या उसाची टोकं आरशावर खरखरत गेली. टेम्पो हिसका देऊन थांबला. मागे क्षणभर शांतता, मग सगळी पिल्लं एकदम कालवा करू लागली.

सोपानच्या पायाशी पडलेल्या पेटत्या बिडीचा धूर केबिनमध्ये भरत होता. अय्युब दार उघडून लंगडत खाली उतरला आणि लांब जाऊन मगच त्यानं श्वास घेतला. सोपाननं टाचेनं बिडी चिरडली.

"बस वर. पिल्लं तापत्यात."

"आधी धूर जाऊ द्या."

सोपान त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानंही आपलं दार उघडलं आणि गळ्यातल्या टॉवेलानं धूर बाहेर हाकलू लागला.

निमगाव केतकी आलं आणि गेलं. पुढे एकदा डावा हात गिअरवरून उठला. अय्युबनं मांड्यांखाली आपले हात दाबून धरले. तो हात अर्ध्यावर थांबला, परत गिअरवर गेला आणि तिथेच राहिला.

शेडवर खोकी उतरवून झाली. सोपान लांब बाभळीखाली जाऊन बिडी ओढत उभा राहिला. अय्युबनं दगडावर बसून चप्पल काढली आणि पायाचा अंगठा दाबून धरला. नख पांढरं पडलं. सोडल्यावर रंग किती लवकर परततो ते बघत जा, असं डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं. त्यानं अंगठा सोडला.

"काय बघतुयास?" सोपान लांबून म्हणाला.

"रगत परत येतंय का ते."

सोपान पुढे आला, हातातल्या बिडीकडे बघून जागीच थांबला. "आलं का?"

नख अजून पांढरंच होतं. सोपान तसाच उभा होता. झुरका थांबला की बिडी जगत नाही. त्याच्या बोटांत ती कधीच विझली होती.

"अय्या, आलं का रं?"

"थांबा जरा," अय्युब म्हणाला. नखाच्या कडेला कुठेतरी फिकट गुलाबी दिसू लागलं होतं. "येतंय."