बाबांचा डोळा

मी एक गुलाबी चिठ्ठी. मागे डिंकाची बारीक पट्टी आणि पुढे निकिताच्या अक्षरातले दोन शब्द, ‘बाबांचा डोळा’. घाटंजीला सदाशिवरावांच्या घरी लोखंडी कपाटाच्या दारावर माझा मुक्काम होता.

त्यांची मुलगी निकिता पुण्याच्या कंपनीचं काम घरूनच करते. सॉफ्टवेअरची कामं ती त्या दारावर पायरीपायरीने लावते. वर गुलाबी चिठ्ठी, म्हणजे एपिक, महिनोन् महिने चालणारं मोठं काम. त्याखाली निळ्या स्टोरी, आणि निळ्यांखाली पिवळ्या टास्क, एका दिवसात उरकणाऱ्या. काम झालं की पिवळी उजवीकडे ‘झालं’च्या रकान्यात जाते. सगळ्या पिवळ्या गेल्या की निळी जाते, आणि शेवटी गुलाबी.

माझा जन्म आषाढातला. सदाशिवरावांचा उजवा डोळा लहानपणीच तुरीच्या काडीने गेलेला. डाव्यात मोतीबिंदू. ‘हा एकच आहे, ऑपरेशन लांबवू नका,’ असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी येताच निकिताने मला लिहिलं आणि सगळ्यात वर लावलं. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं.

गणपती गेले, दसरा गेला. शेजारच्या गुलाबी एकेक करून उजवीकडे गेल्या. मी तिथंच. पंख्याच्या वाऱ्याने माझा कोपरा वर उठायचा, निकिता तो अंगठ्याने दाबायची आणि कामाला बसायची. त्या दाबण्यात माया होती. पण मी हलत नव्हते.

कापूस फुटला. सदाशिवराव वेचायला जात, पण अर्धा कापूस झाडालाच राहायचा.

“तुमच्या मागं मले पुन्हा वेचा लागते,” निकिताची आई लीलाबाई म्हणाल्या. “वेचता का नुसते झाडं कुरवाळता?”

ते हसले.

एके दुपारी निकिता फोनवर कंपनीतल्या नव्या मुलीला समजावत होती, “मोठं काम थेट होत नसतं गं. ज्याच्याखाली टास्क नाही, ते बोर्डावर नुसतं लटकून राहतं.”

सदाशिवराव खाटेवर ऐकत होते. फोन संपल्यावर ते उठले. चाचपत दारावरून हात फिरवला आणि माझ्यापाशी थांबले.

“निकिता, याच्याखाली हाताले काहीच लागत नाही. हे काय हाय?”

ती हळूच म्हणाली, “तुमचा डोळा, बाबा.”

“मंग हे लटकूनच राह्यलं म्हण.” आवाजात राग नव्हता. “वावरात कोणी ‘कापूस’ नावाचं काम करते का? डवरते, निंदते, वेचते.”

निकिताने डोळे पुसले आणि पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेतला. “सांगा बाबा. पहिली कोणती लिहू?”

ते चाचपत परत खाटेवर बसले.

“मले भेव वाटते, ते लिह.”

चार महिन्यांत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. माझ्याखाली पहिली पिवळी लागली, ‘बाबांची भीती डॉक्टरांना सांगणे’. मग साखर तपासणे, तारीख घेणे, निकिताची सुटी, वेचणीला उज्ज्वलामावशीला बोलावणे. निळ्यासुद्धा आल्या. इतकी लेकरं एकदम अंगाखाली आली, की माझा कोपरा वर उठायचाच थांबला.

डॉक्टरांनी त्यांना अर्धा तास समोर बसवून सगळं समजावलं. त्या दिवशी पहिली पिवळी उजवीकडे गेली. मग रोज एखादी.

ऑपरेशननंतर डोळ्याची पट्टी निघाली तसे सदाशिवराव काळा चष्मा लावून घरी आले.

“हिरो दिसून राह्यले,” लीलाबाई म्हणाल्या.

ते थेट कपाटापाशी आले. शाळा दुसरीपर्यंतच झालेली. बोट लावून, अक्षराला अक्षर जोडत त्यांनी मला वाचलं. मग अलगद काढलं आणि स्वतःच्या हाताने उजवीकडे लावलं.

आता माझा डिंक सुकलाय. मी त्यांच्या चष्म्याच्या डबीत असते. तुमच्या घरी कुठे माझ्यासारखी एखादी चिठ्ठी असेल, तर तिचा कोपरा नुसता दाबू नका. ज्याचं नाव तिच्यावर आहे, त्याच्याजवळ जरा बसा.

माझ्या जागेवर परवा नवी गुलाबी लागली, ‘आईचे गुडघे’. लीलाबाई म्हणत होत्या, “मले काही झालं नाही.” सदाशिवरावांनी पिवळा गठ्ठा मांडीवर घेतला आणि विचारलं, “तुले कायचं भेव वाटते, ते सांग.”