डाव्या पायाची नखं

आईच्या उजव्या पायाची नखं काढून झाली आणि शिंप्याची बायको म्हणाली, "छातीत कसंतरी होतंय गं. डाव्या पायाची संध्याकाळी काढते." संध्याकाळी शिंपी दवाखान्यातून एकटाच परत आला. त्याच्या सासूबाई खुर्चीत तशाच बसल्या होत्या, डावा पाय स्टुलावर ठेवून. त्याला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी पाय खाली घेतला.

घरात सासू आणि जावई दोघंच उरली. भांडण कधीच नव्हतं, पण मोकळेपणाही नव्हता. इतकी वर्षं दोघांचं बोलणं मधल्या माणसातून व्हायचं, आणि ते माणूसच गेलं.

नखं वाढली, चप्पल बोचू लागली.

"आई, मी काढतो. जन्मभर कात्रीच चालवली आहे."

"जावयाच्या मांडीवर पाय ठेवू? एवढी का मी निर्लज्ज झालेय?"

मग एकदा त्या न्हाणीघरात घसरल्या. बाहेरून त्याने विचारलं, तर "बादली पडली" म्हणाल्या आणि शेजारीण येईपर्यंत ओल्या फरशीवर बसून राहिल्या.

"हाक मारायची की!"

"अंगावर धड कपडा नव्हता, हाक कसली मारतेय!"

शिंप्याने हात टेकले. दोघं वृद्धाश्रम बघायला निघाली.

पहिल्या ठिकाणी दारात कारंजं होतं. दरही कानाला बरा वाटला. मग त्याला शेपूट फुटलं: अंघोळ घालायचे वेगळे, कपडे धुवायचे वेगळे, रात्री मदतीला कुणी आलं तर त्याचे वेगळे.

"श्वास तरी फुकट आहे ना?" सासूबाईंनी विचारलं. खोलीतली घंटा दाबून त्या वाट बघत बसल्या. बऱ्याच वेळाने शेजारच्या खोलीतले आजोबा वॉकर टेकत आले.

"दाबू नका हो. ती फक्त मलाच ऐकू येते."

दुसऱ्या ठिकाणी कारंजं नव्हतं. घंटा दाबली तशी मदतनीस मावशी धावत आली, तोंडात घास होता. तो कसाबसा गिळून म्हणाली, "बोला आजी."

सासूबाईंनी जावयाकडे बघितलं. "जेवण टाकून आली," त्या हळूच म्हणाल्या.

ऑफिसात व्यवस्थापक बाईंनी दोघांना न्याहाळलं. सासूबाई ताठ बसलेल्या. शिंप्याची दाढी वाढलेली, खांदे पडलेले. बाईंनी सासूबाईंनाच विचारलं, "यांना कधीपासून ठेवायचंय?"

शिंपी तोंड उघडणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "लवकरात लवकर."

"जेवण कसं आहे यांचं?"

"ताटावर बसतात. जेवत नाहीत."

"झोप?"

"उजाडेपर्यंत मशीनपाशी बसून असतात. मशीन काही चालत नाही."

"बोलतात का?"

"माझी मुलगी होती तोवर बोलायचे."

शिंप्याला वाटलं होतं, हे घरात कुणाला कळत नाही. त्याने खाली बघून डोळे पुसले आणि मग त्याला हसूच फुटलं. "अहो, राहायचंय यांना!"

बाई ओशाळल्या. दारात उभी असलेली मावशी तोंडावर हात ठेवून बाहेर पळाली.

"अंघोळ, कपडे, नखं, सगळं महिन्याच्या पैशातच," बाईंनी गडबडीने सांगितलं. "औषधं आणि डॉक्टर वेगळे. आधीच सांगते, मागाहून कटकट नको."

"आणि भेटायला येणाऱ्याचं जेवण?"

"त्याचे पैसे पडतात."

"रोज येणाऱ्याचं?"

"रोज कोण येतं, आजी?"

"हे काय, बसलेत."

बाईंनी शिंप्याकडे बघितलं. "बरं. रविवारचं आमच्याकडून."

सासूबाई राहायला गेल्या त्या दिवशी मावशी नखं काढायला बसली. उजवा पाय झाला. डावा हातात घेतला, तर सासूबाईंनी मागे ओढला.

"हा राहू दे. हा घरचा आहे."

सामान ठेवून शिंपी दारात उभा होता. त्याच्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "रविवारी जेवायला याल तेव्हा नेलकटर आणा. आणि चष्मा लावून या. कापड नाही ते, पाय आहे माझा."

नेलकटर बायकोने ठेवलं होतं तसंच खिडकीत होतं. शिंप्याने ते पुसून शर्टाच्या खिशात टाकलं आणि भूक लागली म्हणून भात टाकला.

रविवार अजून यायचा आहे. डाव्या पायाची नखं काढायची राहिली आहेत.