हिरव्या शाईतलं सेल्फ अटेस्टेड

आपल्या खरेपणाची ग्वाही आपणच देण्याचा हक्क मिळणं, ही कोणत्याही समाजाच्या वाटचालीतली मोठी घटना असते. बदलापुरात ती घडली तेव्हा कात्रपमधल्या विष्णुपंत दामल्यांच्या हॉलमधल्या तीन प्लास्टिकच्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. बाकी काही झालं नाही.

विष्णुपंत राजपत्रित अधिकारी म्हणून निवृत्त झाले होते. निवृत्तीबरोबर सहीचा अधिकार जातो हे त्यांना ठाऊक होतं, कात्रपला नव्हतं. त्यामुळे रोज सकाळी साडेआठ ते दहा लोक झेरॉक्सची चळत घेऊन त्या खुर्च्यांवर बसायचे आणि विष्णुपंत हिरव्या शाईने ‘सत्यप्रत’ करून द्यायचे. मग वरून आदेश आला की सेल्फ अटेस्टेड चालेल. ज्याचा कागद, त्याची सही. लोक यायचे थांबले. विष्णुपंत मात्र इस्त्रीचा शर्ट घालून साडेआठला बसतच राहिले.

“भंगारवाल्याला देऊन टाकू या खुर्च्या,” त्यांच्या पत्नी उमाताई दर रविवारी म्हणायच्या. “पाय ठेचतो येताजाता.”

“राहू दे. कोणी आलंच तर?”

“कोण येतंय आता!”

जूनमधल्या एका सोमवारी मोरिवलीचा प्रमोद साळवे आला. कारखान्यात सुपरवायझर. सोबत मुलगी यशोधरा, नुकतीच बारावी झालेली.

“साहेब, एवढं सेल्फ अटेस्टेड करून द्या.” त्याने झेरॉक्स पुढे केल्या.

विष्णुपंतांचा चेहरा उजळला आणि प्रामाणिकपणामुळे लगेच उतरला. “अहो प्रमोद, सेल्फ म्हणजे स्वतः. सही हिनेच करायची.”

“तेच मी घरापासून सांगतेय,” यशोधरा म्हणाली.

“तू गप ए. साहेब, पोरगी स्वतःच म्हणते मी पास झाले. कोण मानणार? माझ्या दहावीच्या मार्कशीटवर तुमची सही होती, त्यावर नोकरी लागली. बोर्डाची सही काय हो, ती छापूनच येते.”

विष्णुपंतांनी बराच विचार केला. मग यशोधराला सही करायला लावून त्या सहीखाली लिहिलं, ‘सदर सेल्फ अटेस्टेशन अर्जदाराने स्वतः माझ्यासमोर केले.’ सही. शिक्का. उमाताईंनी तीन वर्षांनी पाहुण्यांचे कप काढले.

उल्हासनगरातल्या कॉलेजात प्रवेशाच्या खिडकीवर त्या आठवड्यापुरत्या लायब्ररीतल्या किर्ती मॅडमना बसवलं होतं. त्यांनी तो कागद उजेडाकडे धरून पाहिला. सेल्फ अटेस्टेड म्हणजे माणसाने स्वतः सही केलेली. पण ती स्वतःच केली हे कशावरून? हा प्रश्न त्यांना तोवर पडला नव्हता. आता पडला, आणि उत्तरही हातातच होतं. त्यांनी रांगेतला पुढचा फॉर्म परत केला. “ऐसा वाला सेल्फ अटेस्टेड लाओ. ग्रीन में.”

मंगळवारी तिन्ही खुर्च्या भरल्या. गुरुवारी रांग जिन्यावरून खाली गेली. हेंद्रेपाड्यातून लोक रिक्षा करून आले. खालच्या झेरॉक्सवाल्याने पाटी लावली, ‘सेल्फ अटेस्टेड दुसऱ्या मजल्यावर’.

“काका, भाऊ क्लासला गेलाय. त्याचं सेल्फ मी केलं तर चालेल ना?” एकाने विचारलं.

“अजिबात नाही. त्याची सही त्यानेच करायची.”

“पण त्याला येतच नाही ओ. शाळेपासून मीच करतोय.”

उमाताईंनी खुर्च्यांचा विषय सोडला आणि शेजारून आणखी दोन आणल्या.

शुक्रवारी दुपारी, रांग ओसरल्यावर, यशोधरा निरोप घेऊन आली. नमुना म्हणून तिचा फॉर्म गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवलेला होता, म्हणून मॅडमनी तिलाच फोन केला होता. विष्णुपंत हे विष्णुपंतच कशावरून? त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स शनिवारी दुपारपर्यंत हवी, नाहीतर सोमवारपासून हिरवी शाई बंद.

“एवढंच ना?” विष्णुपंतांनी झेरॉक्स काढून झोकात सही केली.

“सर, नेहमीसारखं पाहिजे म्हणाल्या. खाली ‘माझ्यासमोर’ पण.”

विष्णुपंतांचं पेन हवेतच राहिलं. एवढ्या वर्षांच्या सेवेत ते स्वतःसमोर कधी हजर झाले नव्हते.

“आरशासमोर बसा की!” उमाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

विष्णुपंत उठून कपाटाच्या आरशापाशी गेले. दुसऱ्या झेरॉक्सवर सही करून थोड्या वेळाने परत आले. “जमणार नाही. तो डाव्या हाताने करतो.”

“मग आणा, मी करते.”

“रक्ताच्या नात्यातलं चालत नाही.”

“रक्ताचं कुठलं? लग्नाचं आहे.”

विष्णुपंतांनी रिकाम्या खुर्च्यांकडे पाहिलं. उद्या शनिवार होता.

“सर, मी करू?” यशोधरा म्हणाली.

“तू? तुझी सही खरी कशावरून?”

“सोमवारी तुम्हीच नाही का लिहून दिलंत?”

विष्णुपंतांनी तिच्या कागदाची जपून ठेवलेली प्रत काढली, खालचा स्वतःचा मजकूर दोनदा वाचला आणि त्यांची खात्री पटली. त्यांनी हिरवं पेन तिच्या हातात दिलं. आजवर ते उमाताईंनाही मिळालं नव्हतं. यशोधराने लिहिलं, ‘सदर सेल्फ अटेस्टेशन विष्णुपंत दामले यांनी स्वतः माझ्यासमोर केले.’ शिक्का विष्णुपंतांचाच मारला, कारण घरात दुसरा नव्हता.

शनिवारी साडेअकराला विष्णुपंत इस्त्रीच्या शर्टात कॉलेजच्या खिडकीपाशी उभे होते. शेजारी यशोधरा, मागे प्रमोद. किर्ती मॅडम लायब्ररीत परतल्या होत्या आणि खिडकीत नेहमीचा क्लार्क अवधूत रजेवरून आला होता. विष्णुपंतांनी आपली झेरॉक्स दोन्ही हातांनी आत सरकवली.

अवधूतने ती पाहिली. मग गठ्ठ्यातला यशोधराचा फॉर्म काढला, पिन उपटली, हिरव्या शाईचे सगळे कागद वेगळे करून विष्णुपंतांच्या झेरॉक्सवर ठेवले आणि सगळंच बाहेर सरकवलं.

“ओरिजिनल आणलंय ना? ते दाखवा,” तो यशोधराला म्हणाला. मार्कशीट पाहून त्याने फॉर्मवर टिक केली. “झालं ॲडमिशन.”

“आणि हे?” विष्णुपंतांनी विचारलं.

अवधूतने फॉर्म उलटा करून बोट ठेवलं. सूचना क्रमांक नऊ : झेरॉक्स जोडू नयेत.