मंदाकिनीचं नाक

ठाण्याच्या टेंभी नाक्याजवळ राहणाऱ्या मंदाकिनीच्या नाकाचा वीट तिला स्वतःला जितका आला होता, तितका दुसऱ्या कुणालाच आला नव्हता. लहानपणी पायरीवरून पडल्यामुळे नाकावर उंचवटा आला होता, एवढंच. पण दोन स्थळं परत गेली आणि थोरल्या भावानं, हरिहरनं, मनावर घेतलं. बावन्न साली मुंबईच्या एका डॉक्टरकडून त्यानं तिचं ऑपरेशन करवून घेतलं.

डॉक्टरनं हाड जरा जास्तच तासलं. सहा महिन्यांत नाक मधोमध खचलं, शेंडा वर गेला आणि डावी नाकपुडी मिटली. झोपेत तोंड कोरडं पडे. कन्याशाळेत ती भूगोल शिकवी, तिथं मुली तिच्या गेंगाण्या आवाजाची नक्कल करत. भाजी करपली तरी तिला वास येत नसे, आणि वहिनी म्हणत, लक्ष कुठं असतं तुमचं? घरी आलेला प्रत्येकजण मान तिरकी करून तिच्याकडे बघे आणि मग उपाय सांगे. कुणी नाकात तूप सोडायला सांगितलं, कुणी कल्याणच्या वैद्याचा पत्ता दिला.

दुसऱ्या एका सर्जननी तपासून सांगितलं, की आतला वण मऊ पडेपर्यंत वर्षभर हात लावायचा नाही. हरिहरला मात्र वैशाखाच्या आत नाक हवं होतं. दर रविवारी तो तोच विषय काढी आणि मंदाकिनी वह्या तपासायला घेई.

वर्ष सरल्यावर दोघं पुन्हा सर्जनकडे गेली. सर्जन विचारत तिला आणि उत्तर देई हरिहर. नाक सरळ हवं, शेंडा असा हवा, मुलाकडच्यांना शंका यायला नको. मंदाकिनीनं पाच मिनिटं ऐकून घेतलं.

"दादा, तू जरा बाहेर बस," ती म्हणाली.

तो बाहेर गेल्यावर सर्जननी तिला काय हवंय ते विचारलं.

"श्वास हवाय. आणि चूल पेटली की धुराचा वास यायला हवा."

सर्जन स्पष्ट बोलले. बरगडीजवळचं मऊ हाड काढून नाकात बसवावं लागेल, छातीवर वण राहील, आणि हे हाड पुढं थोडं वाकतंसुद्धा. ती तयार झाली.

ऑपरेशननंतर नाकापेक्षा छातीच जास्त दुखली. आठवड्यानं नाकातल्या पट्ट्या काढल्या आणि पहिला वास आला तो स्पिरिटचा. तिला रडू फुटलं. नर्सला वाटलं, दुखतंय.

नाकातली जखम भरून आली, आवाज सुटला. एवढंच, की दोन-तीन महिन्यांत नाक किंचित उजवीकडे कललं. तिला आरशात दिसे, पण त्याचं काही वाटत नसे. हरिहरला मात्र ते जेवताना दिसे, बोलताना दिसे. एक दिवस त्यानं जेवता जेवता सांगून टाकलं, की पुढच्या गुरुवारची वेळ घेतलीय, एवढासा बाक काढून टाकू.

"मला विचारलंस?"

"तुझ्याच भल्यासाठी ना."

"दोनदा झालं माझं भलं. एकदा तू केलंस, एकदा मी. आता पुरे."

हरिहर म्हणाला, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, की लोक आधीही म्हणतच होते. मग तिनं ताट उचललं, हात धुतले आणि सर्जनच्या नावे कार्ड लिहिलं: श्वास उत्तम आहे, गुरुवारी येत नाही, शाळेत परीक्षा आहे. हरिहर समोरच बसला होता. त्याच्या देखत तिनं चपला घातल्या आणि ते स्वतः पेटीत टाकून आली.