भस्मनाथाची धुनी आणि पांढऱ्या गोळ्या

दर गुरुवारी कामशेतच्या पलीकडच्या टेकाडावर माणसांची रीघ लागायची. कोणी पवनेकडून बैलगाडीने यायचं, कोणी सोमाटण्याहून पायी. मधोमध धुनी धगधगायची आणि धुनीमागे बसायचे भस्मनाथ महाराज. अंगभर राख, गळ्यात रुद्राक्षांचं ओझं आणि भगव्या कफनीच्या बाह्या एवढ्या ऐसपैस की एकेका बाहीत कोंबडी लपावी.

"विलायती गोळी म्हणजे विलायती विष!" महाराज गरजले. "विष अग्नीच्या पोटात जाईल, बालका! तुझ्या पोटात जाईल तो फक्त नाथांचा अंगारा!"

बालकाचं वय चाळिशीचं होतं. नाव सोपान. त्याने गोळ्यांची बाटली महाराजांच्या ओंजळीत रिकामी केली. महाराजांनी मूठ वळली, ती दोनदा हवेत फिरवली आणि धुनीत झोकली. भडका उडाला. गर्दीने जयजयकार केला. मग महाराज 'अंगारा सिद्ध करायला' झोपडीत गेले आणि पुड्या घेऊन बाहेर आले.

गर्दीच्या मागे उभ्या असलेल्या कस्तुराबाईने नाक मुरडलं. सोपानची ही थोरली बहीण. नवऱ्यामागे कामशेतच्या बाजारात चुरमुऱ्या-पोह्यांची भट्टी तिने एकटीने चालवली होती, आणि फुकटच्या देवपणावर तिचा फार राग.

सोपानला रक्ताचा कर्करोग झाल्याचं पुण्याच्या इस्पितळात कळलं होतं. डाव्या कुशीतली पानथरी, म्हणजे प्लीहा, दगडासारखी फुगली होती. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "गोळी अख्खी गिळायची. फोडायची नाही, कुटायची नाही, दुसऱ्या कुणाला द्यायची नाही. आणि ठरल्या दिवशी रक्त तपासायचंच. ही गोळी वाईट पेशी मारते, पण माप चुकलं तर चांगल्याही मारते."

सोपानने निम्मंच ऐकलं. उरलेलं महाराजांनी पुसून टाकलं. इस्पितळात जाणं बंद झालं. धुनीत जाळायला मात्र दर खेपेला नवी बाटली लागायची. जुन्या चिठ्ठीवर सोपान ती पुण्याहून आणायचा.

आणि नवल असं की त्याचं पोट उतरलं! महाराज त्याला सदरा वर करून गर्दीत फिरवू लागले.

"बघ आक्का," सोपान म्हणायचा, "एक गोळी खाल्ली न्हाई, तरी पोट सपाट!"

कस्तुराबाई नुसती फणकारायची आणि मनातून जळायची.

मग एके सकाळी सोपानने चूळ भरली ती लाल आली. दंडांवर, मांड्यांवर निळेकाळे डाग उठले. अंग तापाने फणफणलं. महाराजांना विचारलं तर म्हणाले, "विष बाहेर पडतंय. अंगारा दुप्पट करा."

"दुप्पट करा म्हनं!" कस्तुराबाई कडाडली. "ऊठ सोपान. लोनावळ्याला जायाचं."

लोणावळ्याचे डॉक्टर शाळिग्राम यांनी रक्ताचा थेंब काचेवर पसरून बराच वेळ पाहिला.

"गोळ्या किती घेतो हा?"

"एकबी न्हाई, डॉक्टरसायेब. समद्या धुनीत जात्यात."

"अशक्य. गोळ्या बंद असत्या तर याच्या पांढऱ्या पेशी बेसुमार वाढल्या असत्या. इथे त्या शोधाव्या लागतायत. रक्त गोठवणाऱ्या पेशीही संपत आल्यात. बाई, औषध याच्या पोटात जातंय, आणि भलतंच जास्त जातंय."

कस्तुराबाई ताडकन म्हणाली, "अंगारा! मेल्याच्या धुनीतनं दर येळेला साखर करपल्याचा वास येतो. गोळ्या बाहीत, साखर इस्तवात, आनि गोळ्यांची भुकटी पुडीत!"

डॉक्टरांनी सोपानला त्याच दिवशी पुण्याला धाडलं. मग कपाटातून बद्धकोष्ठावरच्या साध्या पांढऱ्या गोळ्या काढून त्या सोपानच्या रिकाम्या बाटलीत भरल्या. "राखेतली भुकटी डोळ्यांना दिसायची नाही. पण या गोळीची भुकटी राखेच्या खाऱ्या पाण्यात गुलाबी होते. तेवढं पुरे."

पुढच्या गुरुवारी कस्तुराबाई पदर खोचून पुढे आली. डॉक्टर गर्दीत थांबले.

"भावाला उठवत न्हाई, महाराज. त्याच्या नावानं जाळा."

मूठ फिरली, भडका उडाला, पुडी आली. कस्तुराबाईने ती तिथेच पाण्याच्या तांब्यात रिकामी केली, ढवळली आणि पाणी पांढऱ्या परातीत ओतलं. पाणी गुलाबी झालं होतं, लग्नातल्या फेट्यासारखं.

महाराज दचकले, पण तयारीचे होते. "पाहा! नाथांचं कुंकू प्रकट झालं!" दहा-वीस डोकी भुईला टेकलीसुद्धा.

कस्तुराबाई खदखदून हसली आणि गर्दीतल्या एका पुडीवाल्याकडे वळली. "दत्तोबा, तुमी गुडघा दुखतो म्हून आलायसा न्हवं? गोळ्या आनल्या व्हत्या का?"

"न्हाई बा," दत्तोबा म्हणाला.

त्याची पुडी तिने पाण्यात ढवळली, ते पाणी राखाडीच राहिलं. मग तिने राखून ठेवलेली एक गोळी दगडाने ठेचली, धुनीकडेची राख मिसळली, पाणी घातलं. पुन्हा तसाच गुलाबी रंग.

"माजंबी कुंकू परगाट झालं! पडा की माज्या पाया!" ती गर्दीकडे वळली. "माज्या समूर जळालेली गोळी पुडीत आली कुटनं?"

दत्तोबाने महाराजांची बाही झटकली. खडीसाखर खाली सांडली. झोपडीत खलबत्ता निघाला आणि त्याच्या शेजारी क्षयाच्या, मधुमेहाच्या, हृदयाच्या औषधांच्या कितीतरी गोळ्या. महाराज म्हणजे दवाखान्यातून हाकलून दिलेला कंपाउंडर निघाला.

"पण मी औषधच दिलं ना?" महाराज चिरकले. "पोट उतरलं ना त्याचं?"

"मापाशिवाय दिलंस," डॉक्टर म्हणाले. "आणि तपासणी बंद करून दिलंस. तो मरायला टेकला होता." मग गर्दीकडे पाहून ते म्हणाले, "या माणसाचा स्वतःच्या अंगाऱ्यावर कवडीचा विश्वास नव्हता. तुमचा होता."

वडगावचे पोलीस महाराजांना घेऊन गेले, तेव्हा कफनीच्या बाह्या मनगटाला घट्ट बांधलेल्या होत्या.

सोपानच्या गोळ्या कित्येक आठवडे बंद राहिल्या. त्याला रक्त चढवावं लागलं. पेशी सावरल्यावर गोळी पुन्हा सुरू झाली, कमी मापाने. रोग मुळातून जाणार नाही, हे डॉक्टरांनी लपवलं नाही; पण तो आवरून धरता येतो आणि माणूस शेतात उभा राहू शकतो. सोपान पुढच्या भातलावणीला उभा राहिला.

तरी बाजारात अजून कोणी म्हणतंच, "काई म्हना, पोट तर म्हाराजाकडंच उतरलं."

मंडळी, पोट गोळीने उतरलं आणि जीव रक्ताच्या तपासणीने वाचला. औषध जाळायला देऊ नका, मनाने वाढवू नका, मनाने थांबवू नका, आणि तपासणीचा दिवस चुकवू नका. आणि कोणी चमत्काराने बरं केल्याचं सांगू लागला, तर नमस्कार करण्याआधी एवढंच विचारा: रोग्याच्या पोटात नेमकं गेलं काय?