वरचे कापले

मार्तंड नागपूरच्या सदरमधल्या शाळेत ड्रॉइंग शिकवायचा आणि घरी लिनोलियम कोरून व्यंगचित्रांचे छाप काढायचा. अडुसष्ट साली त्याला धंतोलीत निबारण भेटला. पूर्व पाकिस्तानातून आलेला, चांद्याकडच्या निर्वासितांच्या वसाहतीत राहणारा, बायकोला इथल्या दवाखान्यात घेऊन आलेला. हाडं वर आलेली, कान हे एवढे.

मार्तंडने त्याला कोरला: डोक्यावर मोडकं घर, कान सुपाएवढे, आणि त्या घराच्या छपरावर बसून पुऱ्या झोडणारे मदत समितीचे ढेरपोटे सभासद. छाप निबारणला दाखवला तेव्हा तो खोकला येईपर्यंत हसला. सदरच्या दुकानदारांनी हौसेने दुकानात लावला. मार्तंड आठवडाभर हवेत होता.

पुढे महापालिकेची निवडणूक आली. धंतोलीतून महादेवराव नावाचे पुढारी उभे होते. त्यांनी चित्राचा वरचा भाग कापला, उरलेल्याचं पोस्टर काढलं आणि खाली छापलं, ‘नागपूरकरांनो, यांना आणखी किती दिवस पोसायचं?’ धंतोलीभर भिंती रंगल्या.

ज्या यमुताईंनी निबारणला बायकोच्या उपचारापुरती मागची खोली दिली होती, त्यांनी सरळ सांगितलं, "पोस्टरवाला माणूस तुह्या घरी काहून, असं लोकं मले विचारून राहिले. तू दुसरीकडे खोली पाय."

निबारण भिंतीवरचं पोस्टर सोलून घेऊन मार्तंडकडे आला. "मास्टरजी, ये मैं हूं ना? नीचे क्या लिखा है?"

मार्तंडला काहीही सांगता आलं असतं. पण दारात प्रेमिला, त्याची बायको, उभी होती. त्याने वाचून दाखवलं.

"और ऊपर के लोग?"

"काट दिये."

"मुझे रहने दिया," निबारण म्हणाला आणि चहा न घेता गेला.

मार्तंड तणतणत महादेवरावांकडे पोचला. त्यांनी शांतपणे विचारलं, "त्याले असा माकडावाणी कोणी काढला गा, मास्तर? मी तं नुसती कैची चालवली."

घरी येऊन मार्तंडने कैचीवाले महादेवराव कोरले. एकाही दुकानदाराने तो छाप लावला नाही. "निवडणूक होऊन जाऊ द्या," सगळे म्हणाले. तो निबारणला शोधत दवाखान्यात गेला, तर त्याच्या बायकोच्या खाटेवर दुसरीच बाई. नर्स म्हणाली, नवरा रात्री व्हरांड्यात झोपायचा, लोक येता-जाता चिडवायचे. अर्धवट उपचारावरच बायकोला घेऊन गेला.

महादेवराव निवडून आले. शाळेच्या गॅदरिंगला पाहुणे म्हणून आले आणि भाषणात म्हणाले, गावाला जागं करणारा कलावंत या शाळेत आहे. हेडमास्तरांनी मार्तंडला मंचावर बोलावलं. पोरं टाळ्या वाजवत होती. आपण उठणार नाही असं त्याला वाटलं, आणि तो उठला. महादेवरावांनी त्याच्या खांद्यावर शाल टाकली, फोटोवाल्याने जरा जवळ या म्हटलं, आणि तो जवळ सरकला.